डावीकडे न वळणारी घोडी

चौसाळ्याच्या पुढे हायवेवर एका टेम्पोनं आण्णांच्या मोटरसायकलला उडवलं आणि त्यांचा खुबा मोडला. रॉड बसला. डॉक्टर म्हणाले, चालाल, पण घोड्यावर बसायचं नाही. माझ्या वडिलांनी पंचवीस वर्षं आसपासच्या गावांची घोडी तयार केली होती. त्या दिवसापासून गावानं त्यांना मोडीत काढलं. खरं सांगायचं तर मीही. मला सातव्या वर्षी त्यांनीच घोडीवर बसवलेलं, तरी मी त्यांच्यासमोर घोड्यांचा विषय काढेनाशी झाले.

सहा-सात वर्षांनी परळीचा एक व्यापारी टेम्पोत पांढरी घोडी घालून आमच्या दारात आला. सोबत तिचा स्वार, पंचविशीतला. डावीकडं वळवायला गेलं की घोडी मान झटकायची आणि अडून उभी राहायची.

"विकून टाकावी म्हणतो," व्यापारी म्हणाला. "पण एकदा तुमी बघा."

स्वार हसला. "काका, घोड्यावर बसून किती वर्षं झाली तुमाला?"

"सात होतील."

"मग बसल्याबिगर कळणार कसं?"

माझी कानशिलं तापली. आण्णांनी खुर्ची अंगणात ओढली. "तू फिरव. मी बघतो."

तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला आण्णांनी डोळे मिटले आणि नुसत्या टापा ऐकल्या. मग स्वाराला खाली उतरवून जवळ बोलावलं. व्यापारी लांब लिंबाखाली फोनवर होता. लगाम माझ्या हातात होता, म्हणून मला ऐकू आलं.

"डावा घोटा कधी दुखावला?"

पोराचा चेहरा उतरला. "कुणी सांगितलं तुमाला?"

"घोडीनं. डाव्या रिकिबीत तू पाय दाबतच न्हाईस. सगळा भार उजवीकडं. खोगीर सरकून तिच्या पाठीत रुततं. मान न्हाई झटकायची तर काय करायचं तिनं?"

दिवाळीत पडला होता तो. काम जाईल म्हणून कुणाला बोलला नव्हता. "मालकाला सांगू नका, काका."

"कावून सांगू? पण आधी घोटा दाखव डॉक्टरला. अंगावर काढू नको."

मग आण्णांनी काठी माझ्याकडं दिली, घोडीला टेकून उभे राहिले आणि स्वतः खोगीर सारखं करून पोटाखालचा तंग आवळला. "बस," मला म्हणाले. मी शाळेत शिकवून नुकतीच आले होते, तशीच पंजाबी ड्रेसवर चढले.

"डावा पाय जड कर. लगाम ओढू नको."

वळणावर घोडी थबकली, कान हलवले आणि वळली. मी मोठ्यानं हसले. दुसऱ्यांदा तर थबकलीही नाही.

व्यापारी धावत आला. "काय होतं हो?"

"खोगीर नीट बसत नव्हतं," आण्णा म्हणाले. ते खोटं नव्हतं. पोरानं मान खाली घातली. घोटा बरा झाल्यावर तो दर रविवारी परळीहून यायला लागला. आण्णांना उस्ताद म्हणतो.

गेल्या वर्षी आण्णांच्या अपंगत्वाच्या दाखल्याचा फॉर्म भरायला आम्ही सेवा केंद्रात गेलो.

"व्यवसाय?" कॉम्प्युटरवरच्या पोरीनं विचारलं.

"घोडेस्वार," मी म्हणाले.

तिनं आण्णांच्या काठीकडं पाहिलं. "होते का?"

"आहेत."

आण्णा पुढं झुकले. "नीट टाईप कर गं," म्हणाले, "लई मोठा शब्द हाय."