कोणाले इचारून काढली?

मोहाडीत बाबुलाल वायरमनची बोलणी खाल्ली नाहीत असं घर शोधून सापडायचं नाही. कोणी आपल्या डोक्यानं एखादी तार सोडवली, की हा शिडीवरूनच गरजायचा, "कोणाले इचारून काढली? काम चालून राह्यलं होतं ना?" पण हाताला गुण असा, की लोक बोलणी खाऊनही त्यालाच बोलवत.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र करंट त्याच्याच मागं लागला. मान वळवली की डोक्यात झटका, डोळे फिरवले की झटका. त्यानं कूलर खोलला, मग फ्रिज, मग अख्ख्या घराचं अर्थिंग उकरलं. टेस्टर काही पेटेना. आणि बायकोला, रत्नमालाला, एकदाही झटका लागेना!

शेवटी तो गावाबाहेर धानाच्या रिकाम्या बांधीत जाऊन उभा राहिला. वर तार नाही, आसपास मोटर नाही. मान वळवली. झटका!

बाबुलाल मटकन शेताच्या धुऱ्यावर बसला. बिघाड घरात नव्हताच, त्याच्यातच होता. मागं एकदा उदासीच्या आजारात तो वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडला होता, पोटच्या पोरीशीही बोलत नव्हता. ते दिवस परत आले, या भीतीनं त्याला रडूच फुटलं.

"रत्नमाला, तो आजार वापस आला व," घरी येऊन तो म्हणाला.

तिनं फळीवरचा औषधाचा डबा काढला, तर गोळ्या तशाच भरलेल्या. "काहून? गोळ्या घेऊन नाई राह्यले तुमी?"

"पानठेल्यावरचा भय्याजी म्हणे, ठणठणीत मानसाले गोळी कायले? मंग देल्ली सोडून."

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला भंडाऱ्याला त्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तपासलं. "हा जुना आजार नाही. ही गोळी एकदम सोडली की काहींना असे झटके येतात. परत सुरू करू, मग हळूहळू उतरवू. वेळ लागेल, पण जातं हे." मग चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "पण कोणाला विचारून बंद केली?"

रत्नमालानं पदर तोंडाला लावला, तरी हसू फुटलंच. बाबुलालनं गुपचूप कान धरले.

आता गोळी अर्ध्यावर आली आहे. एखाद्या दिवशी डोक्यात बारीक चमक येते, पण तो टेस्टरला हात लावत नाही. परवा शेजारच्या बेबीबाईकडे कामाला गेला, तर तिनं बोर्डातली तार उपटून ठेवलेली दिसली. शिडीवर त्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"काढली? जाऊ द्या, बाई," तो म्हणाला. "होते असं. पुढच्या बारी इचारजा."