घार खाली उतरली

बांधकामावर तिला सगळे घार म्हणत. क्रेनच्या टोकावरच्या काचेच्या केबिनमध्ये ती सकाळी चढून बसायची, ती काम सुटल्यावरच खाली यायची. मधे उतरायचं म्हणजे काम ठप्प, आणि बाई कशाला उतरली ते खाली सगळ्यांना कळणार. त्यावर तिनं साधा उपाय काढला होता: दिवसभर पाणीच प्यायचं नाही. "आमच्या घारीला तहान लागत नाही," असं मुकादम नव्या माणसांना कौतुकानं सांगायचा आणि हिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग एका संध्याकाळी शिडी उतरता उतरता पाठीतून अशी कळ निघाली, की थेट जांघेपर्यंत गेली. चार जणांनी उचलून दवाखान्यात नेलं.

"तुमची मूत्रपिंडं दिवसभर रक्त गाळतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कामाचं ते रक्तात परत, टाकाऊ ते पाण्याबरोबर नळीतून मूत्राशयात. तुम्ही पाणीच दिलं नाहीत, तर त्यांनी काटकसर करायची तरी किती? लघवी घट्ट होते, क्षार साचतात, खडा होतो."

"पण मी इतकी वर्षं अशीच राहिले. कधी काही झालं नाही!"

"झालंय की, खडा. तोच नळीत अडकलाय."

खडा पडला, पण महिनाभर तिला क्रेनवर चढायला बंदी. घारीनं त्याचं फारसं दुःख केलं नाही. खाली उभं राहून हातानं खुणा करायचं काम तिनं मागून घेतलं, कारण वर आता तिची लेक बसणार होती, तिच्याच हाताखाली तयार झालेली.

पहिल्या दिवशी दुपार कलली तरी लेक उतरली नाही. घारीनं पाहिलं, सकाळी भरून दिलेली पाण्याची बाटली विटांच्या थप्पीवर तशीच होती. मुद्दाम ठेवलेली.

तिनं वॉकीटॉकीवर विचारलं, तर वरून हसू आलं. "आई, मी तुझीच लेक आहे. संध्याकाळीच उतरेन!"

"खाण तशी माती!" मुकादम खूश झाला.

घारीच्या तोंडचं पाणी पळालं. तिला स्वतःचा असा संताप आला, की कळ आली तेव्हाही आला नव्हता. पोरीची ती दोन मूत्रपिंडं तिच्याच पोटात घडली होती आणि आता तिचीच शिकवण त्यांची वाट लावत होती.

हूक रिकामा होताच तिनं दोन्ही हात आडवे पसरले. ही थांबायची खूण. ती कुणीही केली, तरी हात खाली येईपर्यंत क्रेन हलवायची नाही, असा नियम.

मुकादम धावत आला. "काय झालं? दोर तुटला?"

"माझ्या पोरीला लघवीला जायचंय."

"अगं, हळू बोल!"

"का? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? तू जात नाहीस?"

गवंडी फिदीफिदी हसले. घारीनं एकदाच त्यांच्याकडे पाहिलं आणि हसू विरलं.

आईचे हात खाली येत नाहीत हे पाहून लेक खाली आली, लालबुंद होऊन. "आई, सगळ्यांसमोर?"

"न उतरणंही मी सगळ्यांसमोरच शिकवलं होतं."

तिनं हनुवटीनं बाटली दाखवली. लेकीनं ती घटाघटा रिकामी केली, जाऊन आली, बाटली पुन्हा भरून घेतली आणि शिडीला लागली. काम अडलं होतं, मुकादम घड्याळ बघत होता, घारीचे खांदे भरून आले होते. लेक वर जाऊन बसेपर्यंत तिनं पसरलेले हात खाली घेतले नाहीत.