देवीने उजवी दिली

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. देवस्की, अंगात येणं, नजर लागणं — सगळं झूट! मी नारळाचा दलाल. कानाशी हलवून पाणी वाजल्याशिवाय मी नारळसुद्धा खरा मानत नाही. आता भाट्यापासून गुहागरपर्यंत थापाड्या म्हणून माझी ख्याती आहे, हे कबूल. मी पकडलेली सुरमई खाडीत मावत नाही, हेही कबूल. पण ही हकीकत मी बिनमिठाची वाढतो आहे. पचणार नसेल त्यानं खुशाल पान उलटावं.

सन १९२८. शिमगा उरकला होता, फणसांना कोवळ्या कुयऱ्या धरल्या होत्या. रत्नागिरीहून खाडी ओलांडली की भाट्याच्या अंगाला आमची खारव्यांची वाडी. तिथं माझे चुलते भिकूकाका मरणाला टेकले होते. उभा जन्म गलबतावर तांडेल, सुकाणू त्यांच्याच हाती. आवाज असा, की इथं खाकरले तर केळशीच्या होड्या घाबरून किनाऱ्याला लागत. आता पाय भोपळ्यासारखे सुजलेले. पावसाळा दिसायचा नाही, असं डॉक्टरनं सांगून टाकलेलं... आणि अशा वेळी म्हातारा म्हणतो, मला ख्रिस्ती व्हायचंय!

झालं होतं असं — मिशनच्या दवाखान्यातली एक म्हातारी नर्सबाई त्यांच्या पायाच्या जखमा धुवायला यायची. धुता धुता तिनं ख्रिस्ती पोथीतली गोष्ट सांगितली. वादळ सुटलंय, होडीत पाणी शिरतंय, माणसं बोंबलतायत, आणि येशू मागच्या फळीवर उशी घेऊन गाढ झोपलाय!

"वादळात मी कधी डोळा मिटला नाय," काका मला म्हणाले. "सुकाणू हाती द्यावं असा कोण भेटलाच नाय. आता भेटलाय. त्याच्या हाती देतंय आणि निजतंय."

"पण काका, ह्या वयात?"

"मग काय मेल्यावर, रे?"

वाडीचा गावकर म्हणजे आमचा पुढारी. तो दारात येऊन गरजला, "भिकू, बाटलास तर वाडीतला एक खांदा मिळायचा नाय! आणि वैनीला विहीर बंद!"

खांद्याचं काकांनी हसण्यावारी नेलं असतं. पण बायकोची घागर मध्ये आली, तशी म्हाताऱ्यानं काकूकडे मान वळवली. बोलली ती काकू. "देवीला कौल लावा, भावजी. ती होय म्हणाली, तर विहीर बंद करणारे तुमी कोण?"

गावकर लगेच तयार. का नसेल? गुरव त्याच्या मुठीतला! देवीच्या पाषाणाला उजवीडावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कुठली घट्ट चिकटवायची, हे शेवटी गुरवाच्या बोटात.

सकाळी आम्ही खुर्चीसकट काकांना उचलून देवळाशी नेलं. पायरीपाशीच त्यांनी आम्हाला थांबवलं.

"मी आत नाय येत. आई, चाळीस वर्सं तुझा नारळ फोडून गलबत हाकारलं. आता दुसऱ्याकडे जातंय. पाठून नाय, तोंडावर सांगतंय. नाय सोडलंस तरी जाणार! पण हिचं पाणी तोडू नको."

गुरवानं उजव्या पाकळीला गंधाचा लेप दिला, डावी नुसती टेकवली. मी पुढेच उभा होतो, डोळे फुटले नव्हते माझे. सगळे श्वास धरून... आणि टपकन उजवी पडली!

"वारा आला," गावकर म्हणाला. दारं लावली. पुन्हा उजवी.

"देवीला प्रश्न नीट कळला नाय," गावकर हटेना.

"जन्मभर मराठीतच बोलतंय मेल्या तिच्याशी!" बाहेरून काका ओरडले.

मग गुरव मागच्या दारानं जाऊन आला. ह्या खेपेला उजव्या पाकळीखाली पांढरी तार ओढली गेली. फणसाचा चीक! ह्या चिकानं पोरं पाखरं धरतात! डावी पाकळी तर वाळत आलेली, फुंकरीनं उडाली असती. ती जागची हलली नाही. उजवी सुटली आणि खाली आली. पडताना धाडकन आवाज झाला — निदान मी तरी ऐकला.

गुरव दोन बोटं पुढे धरून केविलवाणा म्हणाला, "खोबरेल आणा हो कोणीतरी..." बोटं एकमेकांना घट्ट चिकटली होती! सारं देऊळ समजलं. पहिली हसली ती काकू.

पाद्रीसाहेबांनी ओटीवर काकांचा बाप्तिस्मा केला. त्याचं पाणी काकूनं वाडीच्या विहिरीतून सगळ्यांदेखत शेंदून आणलं. पुढे चार दिवसांनी काका झोपेतच गेले. गावकर आला, तिरडीचा पुढचा दांडा खांद्यावर घेतला. "देवीनं सांगितलं म्हणून आलंय. मनापासून नाय," म्हणाला. आणि पलीकडे मिशनच्या कबरस्तानात न्यायला खाडीवर लावलेल्या होडीपर्यंत त्यानं खांदा बदलू दिला नाही.

शाळामास्तर म्हणतात, समईच्या धगीनं चीक सुटला असेल. मी समईशेजारी दगडावर चिकानं पाकळी लावून बघितली. काळी पडली, सुटली नाही. गुरव म्हणतो, चीक लावलाच नव्हता. मग खोबरेल काय केसांना हवं होतं?

काकू अजून देवीचीच आहे. परवा तिला विचारलं, "काकू, देवीनं आपला माणूस आपल्या हातानं का सोडला गो?"

"जन्मभर मी त्याला दर्यावर जाताना अडवून बघितलं," ती म्हणाली. "थांबला कधी? तिला माझ्यापेक्षा लवकर कळलं, एवढंच."

हे काही उत्तर नव्हे, ठाऊक आहे मला. पण माझ्यापाशी दुसरं नाही. आणि शहाण्यांनो, तुमच्यापाशीही नाही — असेल तर याच पानावर छापून दाखवा!