सोनियाच्या आराखड्यातली अमृता

विशाखा खिल्लारेचं वजन अठ्ठेचाळीस किलो आणि तिच्या पिशवीचं, स्कूटीला विचाराल तर, त्याहून जरा जास्तच. पिशवीत मणी, ठोकळे, घुंगरू, चित्रांची कार्डं आणि सात शाळांतल्या एकेचाळीस मुलांचे आराखडे. वाळूज-बजाजनगरच्या शाळांतून फिरणारी ही विशेष शिक्षिका. जे मूल चारचौघांसारखं शिकत नाही, त्यानं वर्षभरात काय आणि कसं शिकायचं हे फक्त त्याच्यापुरतं लिहून काढायचं, हे तिचं काम. एकाचा आराखडा दुसऱ्याला चालत नाही, हे तिनं पालकांना सांगितलं, गुरुजींना सांगितलं, आणि एकदा हेल्मेटसाठी अडवणाऱ्या हवालदारालाही सांगितलं. त्यानं हात जोडून वाट दिली.

आणि नेमकं तेच पाप तिच्या हातून झालं. जुलैत ऑफिसातून निरोप आला, उद्या अकरापर्यंत सगळे आराखडे पाहिजेत. चाळीस झाले. एकेचाळिसावी अमृता, नऊ वर्षांची, न बोलणारी, शाळेत नवीनच आलेली. विशाखानं तिला जेमतेम दोनदा पाहिलेलं. मग तिनं कॉम्प्युटरवर सोनियाची जुनी फाइल उघडली. सोनियाही नऊ वर्षांची, न बोलणारी. दोन वर्षांपूर्वी डेंग्यूनं वारली. विशाखानं नाव बदललं, जन्मतारीख बदलली. ‘तेवढ्यापुरतं,’ ती मनाशी म्हणाली, ‘पुढच्या आठवड्यात नीट लिहू.’ ऑफिसच्या कामातला पुढचा आठवडा सप्टेंबरात उगवतो.

सप्टेंबरात एका दुपारी अमृतानं रिकाम्या डब्यावर तीन टिचक्या मारल्या. टक, टक, टक. आणि पाण्याच्या माठाकडं बघितलं.

सोनियाच्या फाइलमध्ये तसंच लिहिलेलं होतं, तहान लागली की डब्यावर तीन टिचक्या. पण अमृताला हे कुणीच शिकवलं नव्हतं. विशाखा आधी हसली. मुलं बघून शिकतात. पण कुणाचं बघून, ते काही तिला सुचेना.

मग फाइलमधलं एकेक येत गेलं. लाल मणी आधी ओवणं आलं. भिंतीला बोट लावत चालणं आलं. केंद्राचे अप्पाराव साहेब खूश. “मॅडम, सगळं साध्य! नमुना म्हणून पुढं पाठवतो हा आराखडा.”

भुताखेतांवर विशाखाचा काडीचा विश्वास नव्हता. घरात धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या, आणि तिला त्या पाठ होत्या. पण त्या आठवड्यात सुटीच्या वेळी अमृता जवळ आली, तिनं विशाखाच्या ओढणीचं टोक धरलं, त्याची चार पदरी घडी घातली आणि त्यावर हळूच थोपटलं. हे फाइलमध्ये नव्हतं. विशाखा शाळेत असेल त्या दिवशी सोनिया घरी जाताना असं करायची, आणि ते विशाखाशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. बाहेर भर ऊन होतं, कंपनीची बस हॉर्न वाजवत होती. विशाखाच्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला.

दुसऱ्याच दिवशी अमृताची आई, भामाबाई, शाळेत आली.

“मॅडम, तुमी लई शिकवलं, नाय म्हनत नाय. पण मही लेक घरात पाव्हण्यावाणी बसती हो. आधी मह्या मांडीवर पाय टाकून लोळायची. आता भिताडाला टेकून गप. अमृता म्हणून हाक मारली तर वळून बी बघंना.”

अमृता खिडकीशी पाठमोरी उभी होती. विशाखाला म्हणायचं नव्हतं, पण तोंडातून निघूनच गेलं. “सोनिया?”

पोरगी वळली. हसली.

“ही सोनिया कोण?” भामाबाईनं विचारलं.

विशाखानं सगळं सांगितलं. भामाबाईनं पदर खोचला. मग म्हणाली, “मेलेल्या लेकराचा कागद मह्या लेकराला? बाई, दुसऱ्याचं पोलकं सुदिक आपण उसवून, मापात घेऊन घालतो. मही अमृता मला माघारी द्या. बाकी मला काय बी नको.”

विशाखा थेट ऑफिसात गेली. “साहेब, तो नमुना परत द्या.”

“अहो, सगळं साध्य झालंय!”

“व्हय साहेब. पण दुसरीचं.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि कारणे दाखवा नोटीस काढायला सांगितलं. विशाखानं त्या फाइलवर पुन्हा सोनियाचं नाव घातलं, तिची जन्मतारीख घातली. तिथं तिचा हात जरा रेंगाळला. मग रविवारी ती भामाबाईच्या घरी फरशीवर मांडी घालून बसली. आई सांगत गेली, ही लिहीत गेली. अमृताला ज्वारीचं पीठ हातावर चोळायला आवडतं. शिट्टी झाली की कुकरला रागावते. पायाला गुदगुल्या केल्या तर चावते.

“चावती हे बी लिहू का?”

“लिवा की! तिचंच हाय ना ते!”

कोपऱ्यात अमृता भिंतीला टेकून गप्प होती. शेवटची ओळ झाली तशी ती उठली, रिकाम्या दाराकडं बघत राहिली, आणि हात हलवला. सावकाश, कुणाला तरी वाटेला लावताना हलवतात तसा. दारात कुणी नव्हतं. गल्लीतही नव्हतं, विशाखानं उठून बघितलं.

“अमृते,” भामाबाई हळूच म्हणाली.

पोरगी वळली, धावत आली आणि आईच्या दंडाला कडकडून चावली. भामाबाई रडता रडता ओरडली, “आगं आई गं! हीच ती, मॅडम, हीच!”

विशाखानं चावल्याची तारीख-वेळ आराखड्यात नोंदवली. हात हलवल्याचं मात्र तिनं आजतागायत कुठंच लिहिलेलं नाही.