ज्वारीला पाणी न देणारी माणसं

पीएचडीचा प्रबंध दोनशे पानांचा होतो, पण त्यात फक्त जमलेलं लिहायचं असतं. जे जमलं नाही, जे भलतंच घडलं, ते कुठंच छापून येत नाही. ते चहाच्या वेळी बोललं जातं, कपाटावरच्या रिकाम्या खोक्यांसारखं साठत जातं आणि एक दिवस लक्षात येतं, की प्रबंधापेक्षा याचंच वजन जास्त झालंय.

आमची लॅब विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत, तळमजल्यावर. काम एकच: ज्वारीला तहानलेलं ठेवायचं आणि ती काय करते ते बघायचं. कुठलं वाण किती दिवस तग धरतं, त्या वेळी त्याच्या पेशींतली कुठली जनुकं जागी होतात, हा आमचा विषय. आमच्या भाषेत रोपाच्या या तहानेला स्ट्रेस म्हणतात. माझ्या गाईड पाठक मॅडम. माझ्याबरोबरच पीएचडी करणारा सुशांत जोशी. आणि लॅब अटेंडंट रफिकभाई, जे आम्हा सगळ्यांच्या आधीपासून तिथं होते.

*

माझा पहिला मोठा प्रयोग. ग्रीनहाऊसमधे दहा वाणांच्या कुंड्या, दहा रांगांत. पाणी बंद. नवव्या दिवसापर्यंत बहुतेक रोपं माना टाकतात. तशी नऊ रांगांनी टाकली. दहावी मात्र ताठ उभी.

गंमत म्हणजे हे वाण सगळ्यांत कच्चं समजलं जायचं. मॅडमनी दोनदा रीडिंग घ्यायला लावलं. मग स्वतः घेतलं. असं काही सापडायला लोकांची हयात जाते, असं त्या म्हणाल्या, आणि मी घरी फोन करून टाकला की काहीतरी मोठं हाती लागलंय.

तेराव्या दिवशी मी सहज त्या रांगेतल्या कुंडीत बोट घातलं. माती ओली.

रफिकभाईंना बोलावलं. त्यांनी लगेच कबूल केलं. रमजान चालू होता, त्यांचे रोजे होते, दिवस मावळून मगरिबची अजान होईपर्यंत पाणीही नाही. रोज दुपारी झाडायला आत यायचे आणि ही रोपं बघवायची नाहीत. सगळ्यांना पाणी दिलं नाही, जी अगदीच पडायला आली होती तेवढ्याच रांगेला एकेक पेला दिला, असं त्यांनी सांगितलं. मॅडमनी विचारलं, की आधी मला का नाही सांगितलं?

रफिकभाई मान खाली घालून म्हणाले, "मैं तो मगरिब कू पी लेता था मॅडम. इनकू कौन पिलाता?"

पुढचा प्रयोग मॅडमनी ईदनंतर लावला.

*

सुशांतचं दुखणं वेगळं होतं. त्याला एका जनुकाच्या प्रती काढायच्या होत्या. मशीनमधे नमुना घालायचा, तीन तास थांबायचं आणि मग जेलच्या पातळ थरावर एक उजळ पट्टी दिसली पाहिजे. पाच महिने पट्टी दिसली नाही. रसायनं बदलली, तापमान बदललं, त्याचा चेहराही बदलला. त्याचे वडील गावी पूजा सांगतात. घरून रोज फोन यायचा की झालं का रे तुझं, आणि हा "होतंय, होतंय" म्हणायचा.

एका सोमवारी मॅडमना मशीनवर जास्वंदीचं फूल दिसलं.

सुशांतनं शांतपणे सांगितलं, की बाकी सगळं बदलून झालंय, आता एवढंच राहिलं होतं.

मॅडमनी फूल उचललं नाही. शेजारच्या दुसऱ्या मशीनकडं बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "मग तोच नमुना त्याच्यातही लाव. त्याला फूल वाहू नकोस. तुलनेला कंट्रोल नको का?"

त्या दुपारी पाच महिन्यांत पहिल्यांदा पट्टी आली. दोन्ही मशीनच्या नमुन्यांची.

*

तिसऱ्या वर्षी मला बघायला पाहुणे आले. मुलगा शहरातल्याच एका बँकेत. मध्यस्थानं त्यांना सांगितलं होतं, की मुलगी स्ट्रेसवर पीएचडी करते.

चहा झाल्यावर मुलाच्या आईनं खुर्ची जवळ ओढली. आमच्या निखिलला कामाचा फार स्ट्रेस आहे, जेवणावर वासना नाही, चिडचिड होते, असं सगळं मोकळेपणानं सांगितलं. मग विचारलं, "तुमच्याकडं काय उपाय करतात?"

मला वाटलं, लॅबबद्दलच विचारतायत. मी सांगितलं, "आमच्याकडं आधी पाणी तोडतात. मग कोण किती दिवस टिकतं ते बघतात."

माझे वडील पंख्याकडं बघायला लागले. तेवढ्यात निखिलनं पहिल्यांदा तोंड उघडलं आणि विचारलं, की जे टिकतात त्यांचं पुढं काय करता?

"त्यांना गोठवून खलात कुटतो."

तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. डिसेंबरात आमचं लग्न झालं.

*

वाणं गोळा करायला मी गावोगाव फिरले होते. देवगाव रंगारीला एका तात्यांकडं त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं ज्वारीचं बी होतं. मी जवळच्याच पिशोरची म्हटल्यावर त्यांनी ओंजळभर दिलं. म्हणाले, फक्त काय झालं ते येऊन सांग.

दोन वर्षांनी ग्राफ घेऊन गेले. कागदावर दहा रेघा. पाणी तोडल्यावर एकेक वाण किती हिरवं राहिलं, ते दाखवणाऱ्या. सगळ्या कधी ना कधी खाली येतात, एवढं मी समजावून सांगितलं आणि विचारलं, यातली तुमची कुठली ओळखा.

तात्यांनी चष्मा लावला, कागद उन्हाला धरला आणि एका रेघेवर बोट ठेवलं. बरोबर ओळखलं होतं. कसं काय, विचारल्यावर म्हणाले, "ही सगळ्यात उशिरा खाली बसली नव्हं का? आमच्या घरात समद्यांचं तसंच हाय. माझी आई नव्वदीत बी बस म्हणलं तर बसत नव्हती."

*

मे महिन्यात एका सकाळी आमचा डीप फ्रीझर बंद पडला. आत तीन वर्षांची सॅम्पलं. मेहनतीनं गोठवलेली पानं एकदा वितळली की त्यातलं जे शोधायचंय तेच संपतं. मेकॅनिकनं उघडून बघितलं आणि सांगितलं की पार्ट पुण्याहून येईल, दोन दिवस लागतील. शेजारच्या विभागांचे फ्रीझर गच्च भरलेले. मॅडम फोनवर फोन करत होत्या. सुशांत फ्रीझरच्या दाराला पाठ लावून उभा होता, जसं काही त्यानं थंडी आत राहणार होती.

मला एकदम आमच्या गावाकडचे गुरांचे डॉक्टर आठवले. गाय भरवायला ते जी वळूच्या रेताची कांडी आणतात, ती धूर निघणाऱ्या कॅनमधून काढतात. तो धूर म्हणजे द्रव नायट्रोजनचा, आमच्या फ्रीझरपेक्षाही थंड. करमाडला असे एक डॉक्टर माझ्या मामांच्या ओळखीचे होते. फोन केला. ते म्हणाले, मोठं कॅन अर्धं रिकामं आहे, घेऊन या.

थर्माकोलच्या खोक्यात लॅबमधला उरलासुरला कोरडा बर्फ, त्यात सॅम्पलांच्या नळ्या, ते खोकं रफिकभाईंच्या मांडीवर, आणि सुशांतची गाडी जालना रोडला. रफिकभाई मधूनमधून खोक्याला हात लावून "ठंडा है, ठंडा है" म्हणत होते.

डॉक्टरांनी आमच्या नळ्या कापडी पिशव्यांत बांधल्या आणि एकेक करून कॅनमधे सोडल्या, वळूंच्या कांड्यांच्या शेजारी. शेवटची पिशवी आत गेली तेव्हा सुशांत तिथंच ओट्यावर बसला आणि रडला. डॉक्टरांनी त्याला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला.

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "लेबलं तेवढी ठळक लावा बरं का. नाहीतर पुढच्या साली करमाडच्या गाईंना कणसं यायची."

*

आणि माझा व्हायवा.

तो खुला असतो, कुणीही येऊन बसावं. पिशोरहून आई आणि वडील आले होते. आई विद्यापीठात पहिल्यांदाच आली होती. पहिल्या रांगेत बसायला लाजली, म्हणून तिसऱ्या रांगेत बसली. बाहेरगावाहून आलेले परीक्षक नावाजलेले आणि कडक. त्यांनी मला तासभर एका तक्त्यावरून धारेवर धरलं. एका प्रश्नाला माझं उत्तर अर्ध्यावर थांबलं, तेव्हा त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

शेवटी रीतीप्रमाणं त्यांनी विचारलं, की श्रोत्यांपैकी कुणाला काही शंका आहे का? अशा वेळी कुणी विचारत नसतं. लोक घड्याळाकडं बघतात.

आईनं हात वर केला.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं. आई उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "साहेब, झाडाला तहान लागली हे पयलं कुणाला कळतं? मुळाला का पानाला?"

परीक्षकांनी उत्तरासाठी माझ्याकडं बघितलं. मी सुरुवात केली, की मुळांकडून वर संदेश जातो, पण पानांतही... आणि अडखळले. त्यांनी हातानं मला थांबवलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ताई," ते आईला म्हणाले, "खरं सांगू का? हे आम्हालाच अजून पक्कं कळलेलं नाही."

आईनं जरा विचार केला. तिच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, काळजी होती.

"मंग हिला पास कसं करायलेत तुम्ही?"