दहा ओहमचा रेझिस्टर

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला माझं सगळं पुराण पाठ आहे, पण हा अध्याय त्याला ठाऊक नाही. तुम्हाला तरी सांगेन का — बसल्यापासून दोनदा उठून आले. एकदा गॅस बंद आहे का बघायला, आणि एकदा उगीच.

मी परभणीत एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सची प्रॅक्टिकल घेते. दरवर्षी पोरांकडून एक डबा करून घेते. तीन पायांची रेग्युलेटर चिप आणि एक फिरवायचं बटण — बटण फिरवाल तेवढाच करंट डब्यातून बाहेर. चिप आपल्या दोन पायांमध्ये कायम सव्वा व्होल्ट धरून ठेवते. त्या दोन पायांत रेझिस्टन्स जेवढा कमी, तेवढा करंट जास्त. बटण तेच करतं, रेझिस्टन्स कमी-जास्त. पण त्याच्या जोडीला एक न बदलणारा, दहा ओहमचा रेझिस्टर लावायचाच. नाहीतर बटण टोकाला गेलं की रेझिस्टन्स शून्य, आणि मग करंटला धरबंध नाही. पोरांना सांगते, माझ्या वर्गातल्या एकीनं ही चूक केली होती. नाव घेत नाही. कुणाचं घेऊ?

सविता पालमची. रोज एसटीनं यायची. वर्गात मुली आम्ही दोघीच, म्हणून प्रोजेक्टलाही दोघी. दोघी आपलं म्हणायला — डबा तिनंच केला. तिचं सोल्डर ज्वारीच्या दाण्यासारखं, गोल आणि चकचकीत. माझं? बोट लावलं की तार हातात. तो दहा ओहमचा रेझिस्टर बसवताना ती म्हणाली होती, "हा आपला राखणदार हाय, रेखे. कुणी कितीबी फिरवू दे."

परीक्षेच्या दिवशी तिची गाडी यायच्या आधी मी प्रयोगशाळेत गेले. त्या राखणदारामुळं डब्याला जोडलेला दिवा मंदच लागायचा. मला वाटलं, परीक्षकांपुढं जरा झळकला पाहिजे. की वाटलं, त्या डब्यात माझा एक तरी टाका असावा? की — सांगूनच टाकते — सर ऊठसूट "सविता, सविता" करायचे, ते मला बघवत नव्हतं? तिन्ही खरं. मी रेझिस्टरच्या दोन टोकांना तारेचा तुकडा जोडला, म्हणजे करंट राखणदाराला वगळून तारेतूनच जाणार, आणि डबा बंद केला. बटण अर्ध्याच्या पुढं न्यायचं नाही, एवढाच माझा विचार. आणि सविताला? काहीच सांगितलं नाही.

आमच्याकडं परीक्षक आले की आधी बटण शेवटपर्यंत फिरवतात, ट्रॅक्टर घेताना रेस करून बघावी तसं. हे मला माहीत नव्हतं का? होतं. दिवा एकदम पांढराफटक झाला आणि गेला. मीटरचा काटा टोकाला आपटला. बटणातून धूर निघाला.

"वायरिंग कुणी केलं?"

"सवितानं," मी म्हणाले. खोटं होतं का ते?

परीक्षक पुढच्या टेबलाकडं गेले. मी डबा उचलून खिडकीशी नेला, पाठमोरी होऊन उघडला आणि तार ओढली. माझंच सोल्डर — लगेच सुटलं. तार खिशात टाकली. मग सविता आली, तिची गाडी त्या दिवशी उशिरा लागली होती. एकेक जोड बघितला, परत बघितला. सगळं जागच्या जागी. "समदं तर बरोबर हाय गं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "मंग माझ्याच हातानं कुठंतरी टचिंग झालं आसल."

मी मान हलवली. होय म्हणून. त्या मानेची मला अजून लाज वाटते.

प्रयोगशाळेतल्या जागेसाठी सर आमच्यातल्या एकीचं नाव देणार होते. माझं दिलं. त्याच जागेवरून मी पुढं शिकवायला लागले.

गेल्या महिन्यात स्टँडवर सविता भेटली. पालममध्ये नवऱ्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. ती नुसती गल्ल्यावर बसते. "गिऱ्हाईक खोळंबलं तरी सोल्डरला हात लावत न्हाई बघ. माझ्या हाताचा भरवसा न्हाई," असं हसत म्हणाली. तेवढ्यात पालमची गाडी लागली. पायरीवर पाय ठेवून ती वळली.

"रेखे, तू तर आता तेच शिकवायलीस. त्या दिवशी माझं काय चुकलं आसल गं?"

सोळा वर्षं झाली. ती अजून शोधतेय.

"आता कसं सांगावं," मी म्हणाले. "झालं आसल काहीतरी."

ती आत जाऊन बसली. कंडक्टर चहा घेत होता, गाडी पुढं दहा मिनिटं तिथंच उभी होती. मी तिच्या खिडकीखाली उभं राहून लेकरांची चौकशी करत राहिले.