सुमतीताईंच्या गौरीपुढचा माझा ओवसा

सुमतीताईंच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात लिहायचा मान मला, बिहारहून आलेल्या बाईला मिळाला. हा निरोप आल्यापासून माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत.

नव्वदच्या दशकात माझे पती धाटावच्या कंपनीत लागले आणि मी नवी नवरी म्हणून रोह्याला आले. नळावर मला पाहून बायका गप्प होत. पती शिफ्टला गेले की बोलायला भिंतीच. दिवाळीला गावी जायचं ते परत यायचंच नाही, असं मी पक्कं केलं होतं. तेवढ्यात ताई दारात आल्या. त्यांचं माहेर पेणचं; आमच्या आळीत त्या शिवणवर्ग चालवत. म्हणाल्या, "मशीनला भाषा लागत नाय गो. चल." त्यांनी मला शिवण शिकवलं, मराठीही शिकवली. आळी मात्र लांबच राहिली.

भाद्रपदात गौरी आल्या. नव्या सुनेनं सासरच्या गौरीला भरलेली सुपं ओवाळायची, मग थोरल्या बायकांना वाण द्यायचं, हा इकडचा ओवसा. माझं सासर लांब बिहारात. ताई म्हणाल्या, "माझी गौर ती तुझीच. सुपं मी भरते."

मी हरखून गेले. पण आमच्या छठपूजेत सूर्याला अर्घ्य द्यायला सूप घेऊन नदीत उभं राहतात. सूप हाती येताच मी गौरीकडे पाठ करून थेट कुंडलिका नदीची वाट धरली. मागे बायकांचा एकच गलका झाला. ताई मात्र पदर खोचून मागोमाग आल्या, पाण्यात माझ्याशेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या सूर्याचं होऊ दे. गौर कुठं पळून जात नाय."

घरी येऊन ओवसा झाला. वाण द्यायची वेळ आली तशा बायका मागे सरल्या. आळीतल्या सगळ्यांत थोरल्या आजी म्हणाल्या, "कुणाची सून म्हणून घेऊ?"

"माझी," ताई म्हणाल्या. "हिचं वाण नको असंल तर माझ्या गौरीलाही येऊ नका."

मी सूप पुढे धरलं. अखेर आजींनी पदर पसरला. "दे गो. पण पाया पडताना नीट वाक."

मग बाकीच्यांनीही वाण घेतलं. मी ढसाढसा रडले. त्या दिवाळीला गावी गेले आणि सुट्टी संपायच्या आत परतले. सासूबाईंनी घाईचं कारण विचारलं, तर म्हटलं, तिकडची सासू वाट बघतेय.

ताई, यंदा आमच्या आळीत ओडिशाची नवी नवरी आली आहे. बिचारी कुणाशी बोलत नाही. तिची सुपं मी भरणार आहे, आणि पहिलं वाण तुम्हीच घ्यायचं आहे. तेव्हा ठणठणीत राहा, खूप जगा. अशा सुना अजून पुष्कळ यायच्या आहेत.